दोष भूकंपाच्या माथी

३० सप्टेंबर जवळ आला की किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपावरचे लेख छापून येऊ लागतात. त्यांचा साचा ठरून गेला आहे. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून नुकतीच आडवी झालेली गावं, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, काही सेकंदांची गडगड, आणि शेवटच्या परिच्छेदात सुस्कारा: निसर्गाच्या रौद्र रूपापुढे माणूस किती क्षुद्र! शेजारी जगातल्या मोठ्या भूकंपांची चौकट. १५५६ चीन, १७५५ लिस्बन, १९२३ टोकियो, १९७६ तांगशान, २००१ भुज. सन, तीव्रता, मृतांचा आकडा. वाचणारा पान उलटतो आणि त्याच्या मनात एवढंच उरतं की जमीन हलली, माणसं मेली, कुणाचा काही इलाज नव्हता.

माझा वाद या सुस्काऱ्याशी आहे. दिसायला तो नम्र आहे, पण प्रत्यक्षात ते निकालपत्र असतं. आरोपी म्हणून जमिनीचं नाव लिहिलेलं असतं आणि बाकी सगळे निर्दोष सुटलेले असतात. ज्यानं भिंत रचली तो, ज्यानं आराखड्यावर सही केली तो, ज्यानं सळई वाचवली तो, ज्यानं दंड घेऊन बेकायदा मजला कायम केला तो. एवढ्या मोठ्या खटल्यात एकाचीही साक्ष होत नाही.

आधी त्या चौकटीतल्या आकड्यांचीच उलटतपासणी करू. तीव्रता जेवढी जास्त तेवढी माणसं जास्त मरतात, असा चौकटीचा गर्भित अर्थ असतो. जानेवारी २०१० मध्ये हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ तीव्रतेचा. या दोन आकड्यांत दिसणारा फरक लहान आहे, पण ऊर्जेच्या हिशेबात चिलीचा भूकंप सुमारे ५०० पट मोठा होता. हैतीत बहुतेक अंदाजांनुसार लाखाच्या वर माणसं गेली. तिथल्या सरकारचा दावा ३ लाखांच्या वरचा आहे. चिलीत त्सुनामीचे बळी धरूनही आकडा ५०० च्या आसपास राहिला.

यावर जाणकार म्हणतील, चिलीचं केंद्र समुद्राखाली होतं, हैतीचं राजधानीच्या उशाशी. बरोबर आहे. मग दुसरी जोडी घ्या. २२ डिसेंबर २००३ ला कॅलिफोर्नियात सॅन सिमियनजवळ ६.५ चा भूकंप झाला. चार दिवसांनी, २६ डिसेंबरला, इराणच्या बाम शहराखाली ६.६ चा. कॅलिफोर्नियात दोन माणसं मेली, बाममध्ये २६ हजारांहून अधिक. इथेही वस्तीच्या दाटीत फरक होताच, तो लपवायचं कारण नाही. पण कॅलिफोर्नियातल्या त्या दोघीजणी कशानं मेल्या ते बघा. पासो रोबल्स गावातल्या एका जुन्या, मजबुतीकरण न झालेल्या विटांच्या इमारतीचं छप्पर घसरून रस्त्यावर आलं, त्याखाली त्या सापडल्या. म्हणजे त्या प्रगत राज्यातही भूकंपानं नेमकं तेच घर शोधलं, ज्याचे सांधे कुणी बांधले नव्हते. आणि बाममध्ये मातीच्या कच्च्या विटांच्या जोडीला काय पडलं? नव्या पद्धतीची म्हणून बांधलेली घरं: अशक्त भिंतींवर नुसते टेकवलेले लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामधल्या जड विटांच्या कमानी. गर्डर भिंतीला बांधलेले नव्हते. जमीन हलली, भिंत एकीकडे गेली, गर्डर दुसरीकडे, आणि कमानी खाली.

माझा सगळा मुद्दा या 'बांधलेले नव्हते'मध्ये आहे. भूकंप घराच्या सामानापेक्षा सांध्यांची परीक्षा घेतो. रोजच्या जगण्यात घरावर ओझं वरून खाली येतं, आणि ते भिंती, खांब नुसते एकमेकांवर ठेवलेले असले तरी पेलतात. भूकंप आडवा ओढतो. त्या क्षणी भिंत कोपऱ्यात दुसऱ्या भिंतीला धरून आहे की नाही, छप्पर भिंतीला धरून आहे की नाही, तुळई खांबाला धरून आहे की नाही, यावर आतल्या माणसाचं जगणं ठरतं. गिलावा झाला, रंग चढला की सांधा दिसत नाही. घर घेणाऱ्याला तो दिसत नाही, भाडेकरूला दिसत नाही. तपासायला आलेल्यानं बघायचं नाही असं ठरवलं तर त्यालाही दिसत नाही. काटकसर आणि चोरी, दोन्ही जिथं सगळ्यात सुरक्षित असतात ती ही जागा.

ही समज नवी नाही. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बन पडलं तेव्हा युरोपातल्या पंडितांनी देवाच्या न्यायावर वाद घातला. व्होल्तेअरनं त्यावर कविता लिहिली. पुढच्या वर्षी रूसोनं त्याला पत्र लिहून एक साधी गोष्ट ध्यानात आणून दिली, की सहा-सहा, सात-सात मजल्यांची हजारो घरं एका जागी दाटीनं रचली ती निसर्गानं नव्हे. दोघांत मोठा कोण हा वाद इथं नको. घरांकडे बोट दाखवायचं रूसोला सुचलं, एवढं खरं. आपल्याकडे १५ जानेवारी १९३४ ला बिहार हादरला आणि हजारो माणसं गेली. गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हणून सांगितला. रवींद्रनाथांनी जाहीर निषेध केला: भौतिक घटनेला भौतिक कारणच असतं, नीतीचा हिशेब त्यात मिसळू नका. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये तो निषेधही छापला आणि आपलं उत्तरही. भांडण सभ्य होतं, आणि रवींद्रनाथांची बाजू बरोबर होती. तरी मला त्यात एक उणीव दिसते. पाप की पृथ्वीचं कवच, एवढ्यावरच वाद थांबला. मुंगेरच्या बाजारातल्या अरुंद गल्ल्या आणि त्यांच्यावर कोसळलेल्या विटांच्या भिंती या दोघांच्याही युक्तिवादात आल्या नाहीत. पापाची जागा पुढे निसर्गानं घेतली, आणि भिंती आजही सुटलेल्याच आहेत.

आता किल्लारी. इथं 'निसर्ग' म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला उठणारा दुसरा एक पक्ष आहे, आणि माझं त्याच्याशीही जमत नाही. तो म्हणतो: दगड-मातीच्या घरांनी माणसं मारली, सिमेंटची असती तर वाचली असती. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा घातक.

लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या त्या गावांत घर कसं होतं ते आधी समजून घ्यायला हवं. आत सागवानी किंवा इतर लाकडाचे खांब आणि तुळया, त्यांच्या मापानं मोजलेले खण. त्यावर फळ्या, फळ्यांवर मातीचं माळवद. उन्हाळ्यात घर गार राहावं, पावसाळ्यात गळू नये म्हणून माळवदावर दर थोड्या वर्षांनी पांढऱ्या मातीचा आणखी एक थर पडायचा, आणि जुना सहसा काढला जात नसे. भोवती दगडाची भिंत, दोन फुटांपासून पुढे चार-चार, पाच-पाच फूट जाडीची. जितकी जाड तितकी प्रतिष्ठा. पण ही भिंत एक नव्हती, दोन होत्या: आतली एक दगडी फळी, बाहेरची एक, आणि मधल्या पोकळीत डबर आणि माती. दोन्ही फळ्यांना शिवणारा, आरपार जाणारा लांब दगड घालायला हवा होता. तो बहुतेक ठिकाणी नव्हता. कोपऱ्यात भिंती एकमेकींत गुंफलेल्या नव्हत्या. लाकडी सांगाडा आणि दगडी भिंत शेजारी उभे होते, पण त्यांची एकमेकांशी गाठ मारलेली नव्हती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ तीव्रतेच्या, जमिनीच्या फार खोल नसलेल्या धक्क्यात त्या दोन फळ्या अलग झाल्या. बाहेरची बाहेर पडली, आतली आत, झोपलेल्या माणसांवर. ८ हजारांच्या आसपास माणसं गेली, ५० हून अधिक गावं जमीनदोस्त झाली. आणि नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी जे नोंदवलं ते आजही चौकटीत छापलं जात नाही. ठिकठिकाणी लाकडी सांगाडा उभा होता. खांब, तुळया, काही घरांत डोक्यावरचं माळवदसुद्धा जागेवर, आणि भोवती भिंतींचा ढीग. ज्यांची घरं कुडाची, गवताची, हलकी होती, त्यांच्या घरात मरण कमी आलं. जाड भिंतीचा वाडा हा त्या रात्री गावातला सगळ्यात धोक्याचा निवारा ठरला.

यावरून दगड वाईट ठरतो का? लाकूड वाईट ठरतं का? लिस्बन पडल्यावर पोर्तुगालचा मंत्री पोम्बाल याच्या कारकिर्दीत जी नवी घरं उठली त्यांच्या दगडी भिंतींच्या पोटात लाकडाचा पिंजरा होता, तिरक्या पट्ट्यांसह, भिंतीला जखडलेला. म्हणजे किल्लारीत होती तीच दोन सामग्री, फरक फक्त जखडण्याचा. काश्मीरच्या धज्जी-दिवारीत लाकडी चौकटीचे लहान लहान तुकडे करून त्यात दगड-विटा भरतात. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात पाकव्याप्त काश्मीरमध्ये नव्या काँक्रीटच्या शाळा मुलांवर कोसळल्या, तर ही जुनी घरं तडे घेऊन उभी राहिली. पुढे पाकिस्तानच्या पुनर्बांधणी यंत्रणेनं या पद्धतीला अधिकृत मान्यता दिली. हिमाचलातलं काठ-कुणी बांधकाम, कच्छची 'भुंगा' नावाची गोल घरं, हेही त्याच पंक्तीतले. कच्छात भुजच्या आसपास जिथं दगडी इमारती भुईसपाट झाल्या तिथं बरेच भुंगे टिकले.

किल्लारीनंतर आपण काय शिकलो? जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. ५२ गावं नव्या जागी गेली. घरं जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४००, ७५० चौरस फुटांची. रस्ते सरळ, काटकोनात, शहरी वसाहतीसारखे. गल्ली गेली, चौक गेला, जनावरं बांधायची जागा कुठं हा प्रश्न आला. जिथं गाव हलवायचं नव्हतं तिथल्या घरांसाठी वेगळी, आणि माझ्या मते कितीतरी शहाणी, योजना होती: माळवदावरची माती उतरवा, भिंतीला आरपार भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरून दोन फळ्या जोडा, दारं-खिडक्यांच्या वर चारी बाजूंनी पट्टा फिरवा, लाकडी सांगाड्याला तिरके आडणे द्या. अशा दुरुस्तीची मदत लाखाहून अधिक घरांसाठी होती. पण अनेकांनी ती भिंतीवर न घालता सिमेंटची एक नवी खोली काढण्यात घातली. त्यांना दोष कोण देणार? दगडाची भीती बसली होती, आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की वैर दगडाशी नाही. सरकारच्याच नव्या गावांनी त्यांना उलट शिकवलं होतं: सिमेंट म्हणजे सुरक्षा.

सिमेंटची ही श्रद्धा २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादेत तपासली गेली. भूकंपाचं केंद्र कच्छात, दोनशे किलोमीटरांहून अधिक लांब. एवढ्या अंतरावर अहमदाबादेतले जुने पोळ, म्हणजे दाट वस्तीचे जुने मोहल्ले, बहुतांशी उभे राहिले, आणि ७० च्या आसपास बहुमजली आरसीसी इमारती कोसळल्या. शहरात ७५० च्या आसपास माणसं मेली. सुशिक्षित, कर्ज काढून फ्लॅट घेतलेली माणसं. त्या इमारतींचं वय फार नव्हतं. खाली मोटारी लावायला मोकळा मजला, नुसते खांब. वर चार मजले, दहा मजले, विटांच्या भिंतींनी भरलेले, ताठ. सगळं वाकणं त्या खालच्या खांबांवर आलं. आणि खांबांत काय होतं? उभ्या सळयांना आवळून धरणाऱ्या रिंगा हव्या होत्या जवळ जवळ, त्या होत्या लांब लांब. रिंगेची टोकं आत, काँक्रीटच्या गाभ्यात, १३५ अंशांत वळवायला हवी. ती ९० अंशांत वाकवून सोडलेली. धक्क्यात असं टोक उघडतं, रिंग सुटते, सळया फाकतात, काँक्रीट भुगा होऊन बाहेर पडतं. तुळई आणि खांब जिथं मिळतात त्या सांध्यात तर रिंगा घालणं हाताला अवघड जातं म्हणून फिटर त्या सोडूनच देतो, आणि मुकादम बघत नाही. ओली काठी वाकते, वाळकी मोडते. या रिंगाच काँक्रीटला ओलेपण देतात. त्यांचं लोखंड एकूण खर्चात किती? हसू यावं इतकं कमी.

किल्लारीतला आरपार दगड आणि अहमदाबादेतली रिंग ही एकच वस्तू आहे. दोन्ही आत असतात, दोन्ही दिसत नाहीत, दोन्ही वगळल्या की काम भराभर होतं. फरक असलाच तर तो किल्लारीच्या बाजूनं आहे. तिथल्या गवंड्यांच्या कित्येक पिढ्यांनी भूकंप पाहिला नव्हता, त्यामुळे ती सवय परंपरेतून गळून पडली. अहमदाबादच्या अभियंत्याच्या कपाटात मात्र नियमांची पुस्तकं होती.

इथं नेहमीचा बचाव येतो: तेव्हा ज्ञान नव्हतं. हा बचाव मला सगळ्यात जास्त खटकतो. १९३१ मध्ये बलुचिस्तानात माच इथं भूकंप झाला. त्यानंतर एस. एल. कुमार नावाच्या तरुण रेल्वे अभियंत्यानं क्वेट्टात भूकंपाला तोंड देतील अशी रेल्वेची क्वार्टर्स आखली आणि त्यामागचं गणितही प्रसिद्ध केलं. ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्टा शहर जमिनीला मिळालं, ३० हजारांच्या आसपास माणसं गेली. ती क्वार्टर्स उभी राहिली. म्हणजे हिंदुस्थानात, हिंदी अभियंत्याच्या हातून, किल्लारीच्या ५८ वर्षं आधी हा प्रश्न प्रत्यक्षात सुटला होता. भूकंपरोधक बांधणीचं पहिलं भारतीय मानक १९६२ चं. दगड-विटांच्या इमारतींसाठीचं १९६७ चं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोयना हादरली. खांबांच्या रिंगा कशा वळवायच्या हे सविस्तर सांगणारं १९९३ चं, म्हणजे किल्लारीच्याच वर्षातलं, अहमदाबादच्या आठ वर्षं आधीचं. ज्ञान होतं. ते छापील होतं, विकत मिळत होतं. पण ते पाळणं बहुतेक ठिकाणी ऐच्छिक होतं, आणि आपल्याकडे ऐच्छिक या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरा बचाव नकाशाचा. 'आमच्याकडे भूकंप होत नाही.' दख्खनचं पठार म्हणजे अचल खडक, असं शाळेत शिकवलं जायचं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगर पडलं, १८० च्या आसपास माणसं गेली, १०३ मीटर उंचीच्या धरणाला भेगा गेल्या. आराखड्यात जेवढा भूकंपाचा जोर धरला होता त्याच्या कितीतरी पट प्रत्यक्षात आला. पुढे धरणाला खालच्या अंगानं काँक्रीटचे टेकू द्यावे लागले. नकाशा बदलला, कोयनेचा पट्टा वरच्या गटात गेला. बाकीचं पठार अचलच राहिलं. २६ वर्षांनी किल्लारी हादरली तेव्हा ती देशाच्या भूकंप नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या गटात होती. मग पुन्हा नकाशा बदलला, तो पट्टा तिसऱ्या गटात आला, आणि पहिला गटच काढून टाकण्यात आला. चीनच्या तांगशानचीही गोष्ट हीच. कमी धोक्याचं मानलेलं, त्या मानानं बांधलेलं औद्योगिक शहर २८ जुलै १९७६ च्या रात्री पडलं. सरकारी आकडा २ लाख ४२ हजार. नकाशा हा मागच्या भूकंपांचा इतिहास असतो. तो पुढच्याची हमी म्हणून वापरणाऱ्यानं आधी १९६७ आणि १९९३ ही दोन सालं एकाखाली एक लिहून बघावीत.

आणि किल्लारीला तर इशाराही मिळाला होता. १९९२ च्या ऑगस्टपासून तिथं धक्के जाणवत होते, ऑक्टोबरात एक बराच मोठा. लोक घाबरले होते, बाहेर झोपत होते. मोठा भूकंप येणार हे तेव्हा कुणी सांगू शकत नव्हतं, आजही दिवस-वेळ कुणी सांगू शकत नाही. जनावरांच्या वागण्यावरून, ग्रहांवरून सांगणाऱ्यांच्या नादी लागू नये. पण त्या वर्षभरात माळवदावरची माती उतरवायला भाकिताची गरज नव्हती. भाकिताच्या मागे लागणं ही सुस्काऱ्याचीच दुसरी तऱ्हा आहे: शास्त्रज्ञांनी सांगितलं नाही, मग आम्ही काय करणार?

परवडत नाही, हा तिसरा बचाव, थोडक्यात निकालात काढता येतो. चीनच्या सिचुआन प्रांतात १२ मे २००८ ला ७.९ चा भूकंप झाला. बेपत्ता धरून ८७ हजारांच्या आसपास माणसं गेली. शाळा पडून मेलेल्या मुलांचा सरकारी आकडाच ५,३३५. त्याच भागात सांगझाओ गावच्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक ये झिपिंग यांनी आधीच्या वर्षांत शाळेच्या इमारतीवर सतत पैसे ओतले होते. खांब जाड केले, सांधे पक्के केले, मुलांकडून बाहेर पडण्याचा सराव करून घेतला. मूळ इमारत बांधायला लागला त्याहून जास्त खर्च दुरुस्तीवर झाला, कारण मूळ काम इतकं वाईट होतं. त्या दुपारी शाळेतली २,३०० हून अधिक मुलं दोन मिनिटांच्या आत मैदानात होती. सगळी. हे गाव श्रीमंत नव्हतं, आणि मुख्याध्यापकांना कोणतं दैवी भाकीतही मिळालं नव्हतं. नवीन इमारत मुळातच नीट बांधायची तर जादा खर्च काही टक्क्यांतच राहतो. संगमरवरी लॉबीवर बिल्डर त्याहून अधिक घालतो.

मला असं म्हणायचं नाही की निसर्गाचा यात काहीच हात नसतो. २०११ मध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर ९.० च्या भूकंपानंतर जे हजारो लोक गेले त्यांतले बहुतेक त्सुनामीत बुडाले. घरं पक्की असणं तिथं पुरलं नसतं. पण जपानचीच आधीची नोंद बघा. १७ जानेवारी १९९५ ला कोबेत ६,४०० हून अधिक माणसं मेली. बळी घेतले ते मुख्यत्वे जड कौलांच्या जुन्या लाकडी घरांनी आणि आगीनं; १९८१ चे सुधारित नियम पाळून उभ्या राहिलेल्या इमारती बऱ्याच अंशी टिकल्या. एकाच शहरात, एकाच धक्क्यात, इमारतीचं बांधकाम-वर्ष जगण्या-मरण्याचा फरक ठरवत होतं. याला निसर्गाचं रौद्र रूप म्हणायचं असेल तर निसर्गाला नगररचना विभागाची फाइल वाचता येते असं मानावं लागेल.

आता आपल्या दारात. पुणे आणि मुंबई भूकंप नकाशावर ज्या तिसऱ्या गटात आहेत, त्याच गटात अहमदाबाद आहे. आपल्या विकास नियमांत खांबांवरचा मोकळा वाहनतळ चटईक्षेत्रात धरला जात नाही, म्हणजे अहमदाबादेत जो मजला मारक ठरला त्यालाच आपण बक्षीस देतो. २००२ च्या मानकानं अशा मजल्याच्या खांबांना अडीच पट ताकद द्यायला सांगितलं. ती दिली की नाही हे इमारत पूर्ण झाल्यावर कोण बघतं? ४ एप्रिल २०१३ ला ठाण्यात शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत पडून ७४ माणसं मेली. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये एक पाच मजली इमारत पडून १६. त्या दोन्ही दिवशी भूकंप नव्हता. जी इमारत शांत जमिनीवर उभी राहत नाही तिच्याशेजारच्या, तशाच पद्धतीनं उठलेल्या इमारतींचं ६ तीव्रतेच्या धक्क्यात काय होईल, याचं उत्तर द्यायला भूगर्भशास्त्र लागत नाही.

आणि आपण अशा इमारतींना कायम करण्याचे कायदे करतो. २००१ चा गुंठेवारी नियमितीकरण कायदा, मग २०२१ मध्ये त्याची पुढे ढकललेली कालमर्यादा. गुंठेवारीत घर बांधणारा गरीब असतो, त्याला उठवून कुठं घालणार, हा प्रश्न खराच आहे आणि तो झटकून चालणार नाही. पण दंड भरल्यानं घराची मालकी सुरक्षित होते, खांब सुरक्षित होत नाही. नियमितीकरणाच्या पैशांतून त्या घरांची तपासणी आणि मजबुती झाली असती तर माझं तोंड बंद झालं असतं. तुर्कस्ताननं हा प्रयोग आपल्याआधी करून दाखवला आहे. १९९९ च्या इझमितच्या भूकंपात १७ हजारांहून अधिक माणसं गमावल्यावर तिथं कडक नियम आले. २०१८ च्या निवडणुकीआधी बेकायदा बांधकामांना पैसे भरून माफी मिळाली, आणि सरकारनं ती लोककल्याण म्हणून मिरवली. ६ फेब्रुवारी २०२३ ला ७.८ आणि ७.५ चे दोन धक्के एकाच दिवशी आले. एकट्या तुर्कस्तानात ५३ हजारांवर माणसं गेली.

शेवटचा आक्षेप सगळ्यात हळवा असतो, आणि म्हणून सगळ्यात सोयीचा: दुःखाच्या वेळी दोषारोप नकोत. मृतांवर राजकारण करू नका. सिचुआनमध्ये पालकांनी ढिगाऱ्याशी उभं राहून विचारलं की शेजारची सरकारी इमारत उभी असताना शाळाच का पडली, तेव्हा त्यांना हेच सांगण्यात आलं. मेलेल्या मुलांची यादी करायला निघालेले लेखक-कार्यकर्ते तान झुओरेन यांना २०१० मध्ये राज्यसत्तेविरुद्ध चिथावणीच्या आरोपाखाली पाच वर्षांची शिक्षा झाली. यादी करणं म्हणजे नुसता शोक नव्हे, हे त्या सरकारला नेमकं कळलं होतं.

तुर्कस्तानात २०२३ च्या भूकंपानंतर उत्तर सायप्रसच्या पालकांनी वेगळा मार्ग धरला. फामागुस्टाच्या शाळेचे व्हॉलीबॉल संघ स्पर्धेसाठी आडियामानला आले होते आणि ग्रँड इसियास नावाच्या हॉटेलात उतरले होते. हॉटेल कोसळून ७२ जण मेले, त्यांत ही मुलं होती. पालकांनी खटला सोडला नाही. प्रत्येक तारखेला समुद्र ओलांडून कोर्टात हजर राहिले. तज्ज्ञांच्या अहवालांत काँक्रीटमधली नदीची वाळू आणि गोटे निघाले, अपुरं लोखंड निघालं. डिसेंबर २०२४ मध्ये हॉटेलमालकाला अठरा वर्षांहून अधिक कारावास झाला, पण निष्काळजीपणाच्या कलमाखाली. पालक त्यावर समाधानी नव्हते. परिणाम माहीत असूनही केलेलं कृत्य, असं कलम लागावं ही त्यांची मागणी होती, आणि परवाने देणाऱ्या अधिकाऱ्यांनाही पिंजऱ्यात आणावं ही दुसरी.